ओळख नसलेल्या उजेडासाठी कॅमेरा

अप्पा गच्चीवर वाळत घातलेला पडदा काढायला गेले आणि पडदा न घेताच खाली आले. पडदा म्हणजे आमच्या स्टुडिओतला निळा, ओळखपत्राच्या फोटोमागं लावायचा. दिवेलागणीची वेळ होती. अक्का, म्हणजे अप्पांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "पडदा कुटं हाय?"

अप्पा खुर्चीत बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"देवणीच्या अंगाला आभाळात कायतरी हाय."

"चांदणी असंल."

"चांदणी सरकत न्हाई."

"मग इमान असंल हैदराबादचं."

"गेलेलं इमान परत फिरून येत न्हाई."

मी काउंटरवर अल्बमची पानं लावत होते. ती तशीच ठेवून वर गेले. आमचं दुकान देवणीच्या रस्त्याला, उदगीर संपता संपता. गच्चीवरून ज्वारी काढलेली रानं दिसायची, त्यांच्यापुढं काळोखाची एक पट्टी आणि तिच्यावर अजून न विझलेलं जांभळट आभाळ. मी पडद्याची घडी केली आणि ती छातीशी धरून बराच वेळ उभी राहिले. वारा गार होता, निळ्या कापडाला उन्हाचा वास होता. दुसरं काही नव्हतं. खाली येऊन मी तसं सांगितलं. "मला न्हाई दिसलं, अप्पा."

त्यांनी माझ्या हातातला पडदा घेतला आणि कपाटात ठेवला.

मी मूळची इस्लापूरची. सागाचं रान, सहस्रकुंडाचा धबधबा, पावसाळ्यात घरात बसूनही ऐकू येणारा पाण्याचा घुमारा, त्यातून उठून उदगीरला आले म्हणजे मला परदेशच झाला. आठवी झाली आणि शाळा सुटली. का सुटली याला सांगण्यासारखं कारण नाही, सुटली एवढंच. लग्न होऊन आले तेव्हा नवरा दिवसभर दाळमिलमध्ये, खोली अप्पांच्या स्टुडिओच्या मागं, आणि माझी बोली इथं कुणाला धड कळेना. मी "येऊन राहिले" म्हटलं की अक्का विचारायच्या, "म्हंजी आलीस का यायलीस?" मी दुकानाच्या काचेबाहेर उभी राहून आतले फोटो बघत बसायची. एक दिवस अक्काच म्हणाल्या, "आत ये की पोरी. बाहीर कामून हुबी?" त्या आत बोलावण्यातून माझं पुढचं सगळं झालं. नवरीच्या खोलीत फोटो काढायला बाई असली तर बरं, असं अप्पांच्या मनात होतंच. त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. कितवी शिकलीस, हे आजवर विचारलेलं नाही.

मला भीतीची सवय आहे. बॅटरी संपेल, कार्ड भरेल, लेन्सचं टोपण कुणाच्या तरी आहेराच्या पिशवीत जाईल. मांडवात शिरताना मी हे सगळं मनात एकदा मोजून घेते. अप्पा हसतात. म्हणतात, "भेनारा मानूस बरा असतो. त्याच्या फोटोत डोकं कापलं जात न्हाई कुनाचं."

तर तो उजेड. पुढं तो रोजच यायला लागला. अंधार पडता पडता अप्पा वर जायचे आणि खाली येऊन सांगायचे. पांढरा, कोयत्यासारखा वाकडा, उजव्या हाताला वरच्या बाजूला. वीज लवावी तसा लवतो, पण आवाज नाही. सरळ बघायला गेलं की बाजूला सरकतो. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. लहान मुलाला झोपवताना माणूस बोलतो तसा व्हायचा. मला उजेड दिसत नव्हता, पण ते सांगणं ऐकत राहावंसं वाटायचं.

गल्लीत बातमी पसरायला काय लागतं? समोरचा चहावाला दूध उकळता उकळता ओरडायचा, "अप्पा, आज कवा उतरायलेत पाव्हणे? दूध वाढवून घितो." फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सरळ बसता बसता म्हणायचं, "मलाबी दिसलं की. हिरवं हुतं. आत एक बाई बसलेली." अप्पा कॅमेऱ्याच्या मागून म्हणायचे, "हनवटी खाली घ्या. त्या बाईला तुमचा फोटो द्यायचाय."

हसायचे, पण रात्री जेवत नव्हते नीट. अक्कांनी मला ते सांगितलं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "डोळ्यात हाय ते. आभाळात न्हाई. सकाळी पूजेला बसतेत तवा मी बघते ना. हातावर लिंग धरतेत, आन् हात डाव्या अंगाला सरकायलाय त्यांचा. त्यांना कळत न्हाई. मला दिसतंय." लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात चला म्हणून त्या मागं लागल्या होत्या. अप्पा ऐकेनात. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग धरून त्याच्यावर नजर ठेवायची, पापणी लववायची नाही, हे ते पोरवयापासून करत आलेले. आणि उरलेला दिवस उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचा. जी नजर एवढी घोटली आहे ती गल्लत करील, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. दुसरा कुणी असता तर गेला असता बिचारा गुपचूप डॉक्टरकडं.

एका दुपारी, दुकान रिकामं असताना, ते मला म्हणाले, "समदी 'दिसलं' म्हनायलेत. तू एकटी 'न्हाई' म्हनलीस. म्हनून तुलाच इचारतो. त्याचा फोटो काढायचा तर मशीन कुठलं घ्यावं?"

मी म्हटलं, "आपलं हाय की."

"आपल्यात डाग हाय."

होता. आमच्या कॅमेऱ्याच्या आत, जिथं फोटो उमटतो तिथं, एक डाग पडलेला होता आणि लग्नाच्या फोटोतून तो आम्ही कॉम्प्युटरवर पुसून टाकत असू. नवऱ्याच्या गालावर आला तर तीळ समजून राहूही देत असू.

अक्का दारात उभ्या होत्या. अप्पा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "मशीननं न्हाई म्हनलं तर येतो लातूरला. तुमी म्हनाल त्या दिवशी येतो. पर मशीन खरं पायजे."

माझ्यावर काय येऊन पडलं ते मला तेव्हा कळलं. मी निवडलेला कॅमेरा मंद असला, आभाळात खरंच असलेलं त्याला दिसलं नाही, तर अप्पा स्वतःच्या नजरेला खोटं समजून बसतील. आणि तो लबाड असला, काचेतलंच काही उजेड म्हणून उमटवून बसला, तर अप्पा लातूरला जाणार नाहीत. आणि अक्का म्हणतात तसं असलं तर डोळा जाईल. उजवा डोळा म्हणजे अप्पांचं दुकान होतं. अप्पा होते, म्हटलं तरी चालेल. मी त्या दिवशी दोनदा जेवायला बसले आणि दोनदा उठले.

मग मी फोनवर बघत बसायला लागले. उडत्या तबकड्यांचे फोटो काढणारी माणसं जगात किती आहेत, मला कल्पना नव्हती. कुठल्या तरी वाळवंटात एक म्हातारा खुर्ची टाकून, मांडीवर गोधडी घेऊन बसलेला. कुठं बर्फात एक बाई, तिच्या श्वासाची वाफ कॅमेऱ्यापुढून जाते. सगळे आभाळाकडं तोंड करून, कुणीतरी येणार म्हणून दारात बसल्यासारखे. माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं. अक्षरं ओळखीची आणि शब्द अनोळखी. पण कॅमेऱ्याची चाकं, बटणं, आकडे सगळीकडं सारखेच. त्यांचे हात बघून मला कळायचं ते काय करताहेत. दाळ निवडता निवडता बघायची, भाकरी थापता थापता बघायची. डोळे मिटले की पापण्यांच्या आत ती वाळवंटं उघडायची आणि इस्लापूरच्या अंगणात आई बाज टाकून झोपवायची तेव्हाचं आभाळ त्यांत मिसळून जायचं. तेव्हाही आम्हाला वर कायकाय दिसायचं. आई म्हणायची, बोट दाखवू नका, ते लाजतात.

नांदेडला जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान अप्पांच्या ओळखीचं. आम्ही दोघं मुखेडवरून एसटीनं गेलो. नांदेडला रस्ता ओलांडताना उजवीकडून रिक्षा आली आणि अप्पा चालतच राहिले. मी बाही धरून मागं ओढलं. रिक्षावाला काहीबाही बोलून गेला. अप्पा म्हणाले, "हॉर्न वाजवाय काय झालं त्याला?" त्यानं हॉर्न वाजवला होता. मी बाही सोडली नाही, दुकानापर्यंत.

दुकानदाराला सगळे भाई म्हणायचे. पांढरी दाढी, तोंडात पान, समोर काचेच्या कपाटात कॅमेरे असे मांडलेले की सगळे आपल्याकडं बघताहेत.

"क्या होना अप्पा? शादी का, के बर्थडे का?"

"आभाळातलं."

"पक्षी?"

"पक्षी न्हाई. इमान न्हाई. चांदणीबी न्हाई."

"फिर है क्या वो?"

"ते मालूम असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो, भाई."

भाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. मग उठून आतून एक लांबलचक लेन्स आणली, दोन्ही हातांवर, बाळंतिणीच्या खोलीतून लेकरू आणतात तशी. "ये लो. चांद के खड्डे दिखते इसमें." अप्पांनी ती घेतली, तिच्यावरून हात फिरवला. डोळ्याला लावली आणि समोरच्या इमारतीवरचं कबूतर बघितलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, झालं, घेतली.

तरी मी बोलले. "अप्पा, ही नको."

"कामून?"

"हिच्यातून आभाळ चिमटीएवढं दिसतं. ते कुठं येणार हे आधी मालूम पायजे. तुम्ही म्हणता ते सरकतं. आपण शोधत राहू अन् ते निघून जाईल."

भाई माझ्याकडं बघायला लागले. "ये कौन?"

"ही माझी नवरीकडची फोटोग्राफर हाय," अप्पा म्हणाले. "तिचं ऐक."

बायकोसोबत गावाला गेलेल्या माणसानं बायकोची ओळख करून द्यावी तितक्या साध्या आवाजात म्हणाले. पण माझं कुणी असं नाव घेतलेलं नव्हतं आधी. मी कपाटाच्या कडेला हात टेकला आणि बोलत राहिले. थांबले असते तर रडले असते.

म्हटलं, अक्षता पडतात तेव्हा आपण झूम करतो का? नाही. अख्खा मांडव घेतो, कारण कोणत्या क्षणी कोण रडेल, कोण हसेल, सांगता येत नाही. आणि तो क्षण परत मिळत नाही म्हणून दोघं दोन बाजूंनी घेतो. एकाचं चुकलं तरी दुसऱ्यात असतं. तसंच करू. एक महागाचा घेण्यापेक्षा दोन साधे घेऊ, सारखेच, रुंद लेन्सचे. लांब लांब ठेवू. एकातच काही आलं तर ते त्याच्या काचेतलं. दोन्हीत आलं तर आभाळातलं.

भाईंनी ती लांब लेन्स परत आत नेऊन ठेवली. "बात तो बराबर है," म्हणाले. मग त्यांनाच उत्साह आला. लेन्सपुढं धुळीसाठी जी जास्तीची काच लावतात ती त्यांनी स्वतःच काढून टाकली. "एक साहब आये थे फोटो लेके. बोले, उडती तबकडी है. मैं बोला, साहब, ये तुमारे घर का बल्ब है, दो काच के बीच में नाच रा. नाराज हो गये. फिर आयेच नै." अप्पा हसले नाहीत.

मग मी भाईंना म्हटलं, टोपण लावून फोटो काढू द्या. हे त्या वाळवंटातल्या म्हाताऱ्याकडून शिकले होते. लेन्सवर टोपण घट्ट बसवायचं, उजेडाचा कण आत जाता कामा नये, आणि तसाच, आतलं शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो घ्यायचा. फोटो काळाभोर यायला पाहिजे. पण पहिल्याच कॅमेऱ्याचा आला तो काळा नव्हता. त्यात लाल, निळे, पांढरे ठिपके होते, विखुरलेले, उन्हाळ्यातल्या आभाळासारखे. फार सुंदर होता तो. लहानपणी सहस्रकुंडाजवळ आम्ही डोळे तळव्यांनी दाबून बसायचो, धबधब्याच्या आवाजात आत रंग उसळायचे, तसा. ते ठिपके बाहेरचे नव्हते. कॅमेऱ्याचे स्वतःचे होते, डोळा झाकलेला असताना त्याला आतल्या आत दिसणारे.

अप्पांनी तो कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि त्या ठिपक्यांच्या काळ्या चौकोनाकडं बघत राहिले.

"टोपण लावून एवढं दिसतंय?"

"पुराना हुआ तो आता है," भाई म्हणाले. "सब में आता, किसी में कम, किसी में ज्यादा."

अप्पांनी तो कॅमेरा परत कपाटात ठेवला, हळूच, झोपलेल्याला ठेवावा तसा. मी एकेक करून सगळे तपासले आणि ज्यांचा काळोख खरोखर काळा होता असे दोन निवडले. हात लागून हलू नये म्हणून वायरची दोन बटणं घेतली, आणि वाऱ्याला न डुलणारे दोन जड स्टँड. परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले. मध्ये मध्ये डोळे मिटायचे, उघडायचे, परत मिटायचे. मला वाटलं, थकले.

दुसरा कॅमेरा चहावाल्याच्या गच्चीवर लावायचं ठरलं. रस्त्यापलीकडं, आमच्याच उंचीची गच्ची. त्याला विचारलं तर म्हणाला, "बटन मी दाबतो. पर पाव्हण्यांनी मलाच उचलून नेलं तर उद्या दूध कोन घेनार?" पण संध्याकाळी न्हाऊन, धुतलेला सदरा घालून वर हजर होता.

मी उन्हं होती तोवरच दोन्ही लेन्स दूरच्या मोबाइल टॉवरवर जुळवून घेतल्या आणि लेन्सवरचं कडं फिरू नये म्हणून चिकटपट्टी लावून टाकली. अंधारात कॅमेरा स्वतः जुळवायला गेला की चाचपडत राहतो. मग आम्ही वाट बघत बसलो. अप्पा, मी, पायऱ्यांच्या तोंडाशी अक्का. रानातून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला आणि विरला. भज्यांचा वास वर आला. आभाळ आधी पिवळं, मग राखेसारखं, मग कुणीतरी हळूहळू शाई ओतावी तसं झालं. मी मनात म्हणत होते, येऊ दे. अप्पांसाठी येऊ दे. आणि लगेच म्हणत होते, नको, काहीच येऊ नको, रिकामंच राहू दे. काय मागावं हेच कळत नव्हतं.

"आलं," अप्पा म्हणाले. "ते बघ."

मी बटण दाबलं. पलीकडं हात केला, चहावाल्यानंही दाबलं. दोन्ही कॅमेरे उघडे होते, आणि मी त्यांच्या बोटाच्या दिशेनं बघत होते. तिथं काळोख होता. नुकत्या उगवलेल्या दोन-चार चांदण्या होत्या. अप्पांचं तोंड मात्र उजळलं होतं, समोर कुणी दिवा धरल्यासारखं.

त्यांच्याकडं बघता बघता मला भाईंच्या दुकानातला तो ठिपक्यांचा काळा चौकोन आठवला. आठवला आणि पुढं काय विचारायचं ते मला कळलं. अप्पांना मी तोवर कधी उलट प्रश्न केला नव्हता.

"अप्पा, रागावू नका. डोळे मिटा."

त्यांनी मिटले.

"घट्ट. आता?"

त्यांच्या पापण्यांच्या आत बुबुळं हलताना मला दिसत होती, जाणाऱ्या कशाच्या तरी मागं जावीत तशी. खालून एक ट्रक गेला. अक्का पायरीवरून उठल्या होत्या, पण जवळ आल्या नाहीत.

"हाय," अप्पा म्हणाले. "टोपण लावूनबी हाय."

मग डोळे न उघडताच म्हणाले, "एसटीतच कळलं हुतं. पर म्हनलं, मशीनलाबी इचारावं."

मशीनला विचारलं. खाली जाऊन कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्हीत तेच आभाळ, तोच टॉवर, त्याच चांदण्या. अप्पांनी बोट दाखवलं होतं तिथं दोन्हीत काळोख होता, स्वच्छ, खरा काळोख. आमच्या हातून इतके चांगले फोटो क्वचित निघाले असतील. चहावाला मागं उभा होता. कप उचलायला वाकला आणि अप्पांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून गेला.

"उद्या लातूर," अप्पा म्हणाले. अक्कांची पिशवी भरलेलीच होती.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी अप्पांच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहेर बसवलं, परत थेंब घातले. अक्का ओठातल्या ओठात 'नमः शिवाय' म्हणत होत्या. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बघत होते. वरची मोठी अक्षरं, मग लहान, मग मुंग्या. आत बोलावलं तेव्हा अप्पा एका यंत्रापुढं हनवटी टेकवून बसले होते. आम्ही लोकांना बसवतो अगदी तसे.

"उजव्या डोळ्याच्या पडद्याला चीर गेली आहे," बाई म्हणाल्या. "पडदा एका कडेनं सुटायला लागलाय. उजेड लवतो तो त्यामुळं. लेझर आजच करू. घरी बसून राहिला असतात तर नजर गेली असती."

अप्पांनी विचारलं, "वाचंल का?"

"मधली नजर वाचेल. कडेचं थोडं गेलंय, ते परत येणार नाही."

अक्का खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं. अप्पा मात्र बाईंच्या मागच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत होते. तिथं एक मोठा गोल उमटला होता, केशरी, पिकल्या आंब्याच्या रंगाचा. त्याच्यावर लाल नद्या पसरल्या होत्या, त्यांना फाटे फुटले होते, आणि एका कडेला, उजेड सांडल्यासारखी, एक फिकट वाकडी रेघ होती. आभाळात तरंगणारा कुठला तरी ग्रह कुणी जवळ जाऊन बघावा, तसं ते दिसत होतं.

"ह्यो काय हाय?"

"तुमच्या डोळ्याच्या आतला फोटो आहे."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. बाईंना वाटलं, चक्कर आली. ते त्या रेघेपर्यंत गेले आणि डोकं वाकडं करून, डाव्या डोळ्यानं, नवरीचा फोटो तपासावा तसे बघत राहिले.

"हेच," मला म्हणाले. "असंच वाकडं. मी म्हनलं हुतं ना कोयत्यावानी." मग बाईंकडं वळले. "कुठली लेन्स हाय ही?"

बाई हसल्या. मीही हसले आणि मग मला थांबता येईना, हसू होतं की काय होतं कोण जाणे. अक्कांनी पदरानं माझं तोंड पुसलं.

लेझर झालं तोवर दुपार कलली होती. परत निघालो तेव्हा नळेगावच्या अलीकडंच दिवे लागले. अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. त्या अशा गाढ झोपलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. अप्पा पुढच्या सीटवर, काळा चष्मा लावून. बाईंनी सांगितलं होतं, थेंबांमुळं आज बाहुली मोठीच राहील, उजेड पसरट दिसेल, घाबरू नका. चष्म्याखालून अप्पा गालातल्या गालात हसत होते.

"पोरी."

"काय अप्पा?"

"आता तर समदीकडंच हायत. एवढे एवढे. फुलं फुटल्यावानी." त्यांनी ओंजळ करून दाखवली. "ह्यो कुठला?"

मी खिडकीतून बघितलं. "ढाब्यावरचा बल्ब हाय."

"आन् ह्यो, चालत यायलाय तो?"

"ट्रॅक्टर. ऊस घेऊन."

"त्यो लाल?"

"टॉवरवरचा दिवा."

ते प्रत्येकाला नीट बघून घेत होते, डावीकडं, उजवीकडं, मान वळवून. उजवीकडं वळताना आता जरा जास्त वळत होते. मी एकेकाचं नाव सांगत गेले. शाळेतल्या हजेरीसारखं. देवळातली समई, पिठाची गिरणी, कुणाच्या तरी अंगणातला साठचा बल्ब. मग वस्ती मागं पडली, दोन्हीकडं रान आलं, एसटीतला आतला दिवाही विझला.

"आन् ह्यो?"

मी बघितलं. रानावर, बऱ्याच वर, एक बारीक उजेड होता. लुकलुकत नव्हता. एसटीबरोबर चालल्यासारखा वाटत होता, पण दूरचं सगळंच तसं वाटतं. मी काचेवरची वाफ पुसली, कपाळ टेकवून परत बघितलं. टॉवर नव्हता. चांदणी असेल, पण इतकी पिवळी मी पाहिलेली नव्हती. खोटं सांगावंसं वाटलं नाही.

"मालूम न्हाई, अप्पा."

"तुलाबी दिसायलाय?"

"हाव. दिसायलाय."

त्यांनी चष्मा थोडा वर सरकवला आणि परत खाली घेतला. पुढच्या सीटच्या दांडीवर त्यांचा हात होता, तर्जनी हळूहळू वर-खाली होत होती, बटणावर असावी तशी.

"असू दे," म्हणाले. "एक असू दे."